गाडीचे युनिट कोणत्या टप्प्यात पडते?

आमच्या घरी गाडीच्या पेट्रोलचा हिशेब माझे सासरे, म्हणजे बाबा, ठेवतात. जिल्हा परिषदेतून लेखापाल म्हणून निवृत्त झाल्यावरही त्यांची ही सवय सुटली नाही. आमच्या जुन्या पेट्रोल एसयूव्हीच्या पुढच्या कप्प्यात एक लांबट वही असे आणि तीत तारीख, गाडीने दाखवलेला किलोमीटरचा आकडा, भरलेले लिटर आणि दिलेले पैसे असे चार रकाने होते. टाकी नेहमी पूर्ण भरायची, पुढच्या वेळीही पूर्ण भरायची आणि दोन भरण्यांमधले अंतर दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागायचे, असा त्यांचा दंडक होता. पाच-दहा किलोमीटर चालवून काढलेल्या सरासरीला ते सरासरी म्हणतच नसत. विजेवर चालणारी गाडी घ्यायचा विचार २०२४ च्या सुरुवातीला घरात निघाला, तेव्हा तुलनेची एक बाजू त्यामुळे आमच्याकडे पक्की होती.

आम्ही कोथरूडला राहतो आणि माझे कार्यालय हिंजवडीत आहे. रोजचे जाणे-येणे चाळीस किलोमीटरच्या आसपास होते आणि शनिवार-रविवारची गावातली कामे धरून महिन्याला १,२०० किलोमीटर होतात. चांदणी चौकापासून पुढे सकाळी आणि संध्याकाळी जी वाहतूक असते, तिच्यात पेट्रोल गाडीचा बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातो. बाबांच्या वहीनुसार शेवटच्या वर्षभरात गाडीने लिटरला सरासरी १२.६ किलोमीटर दिले होते. पुण्यात पेट्रोल तेव्हा लिटरला सुमारे १०४ रुपये होते. म्हणजे किलोमीटरला ८ रुपये २५ पैसे आणि महिन्याला ९,९०० रुपये. हा खर्च मला दर महिन्याला डोळ्यांसमोर दिसत होता आणि गाडी बदलण्यामागचे पहिले कारण तोच होता. हवेचे प्रदूषण हे दुसरे कारण होते आणि तेही मी मनापासून मानते. मात्र या लेखात मी फक्त पैशांविषयी लिहिणार आहे, कारण नेमक्या त्याच बाबतीत मला आधी चुकीची कल्पना होती.

ती कल्पना अशी की विजेची गाडी किलोमीटरला एक रुपयात चालते. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले होते की ते तपासून पाहावे असे वाटलेच नाही. जून २०२४ मध्ये आम्ही ४०.५ किलोवॉट-तास बॅटरीची टाटा नेक्सॉन ईव्ही घेतली. विजेचे एक युनिट म्हणजेच एक किलोवॉट-तास, त्यामुळे बॅटरीत साडेचाळीस युनिट मावतात असे म्हटले तरी चालेल. महिन्याला किती युनिट लागतील आणि युनिटचा दर किती, या दोन संख्यांचा गुणाकार केला की काम झाले, असे मी धरून चालले होते. पुढे यातली कोणतीच संख्या मला वाटली तशी निघाली नाही.

गाडी येण्याआधी तिच्यासाठी वीज कुठून आणायची हे ठरवावे लागले. आमची इमारत सात मजल्यांची आहे, पार्किंग तळघरात आहे आणि मीटरची खोली त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. घरच्या मीटरपासून माझ्या जागेपर्यंत केबल न्यायची तर छताखालून पंचेचाळीस मीटरचे अंतर होते आणि ती सोसायटीच्या सामाईक जागेतून जाणार असल्याने व्यवस्थापन समितीचा ना हरकत दाखला हवा होता. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, वाहनमालकाला आपल्या घरच्या किंवा कार्यालयाच्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येईल असे स्पष्ट म्हटले आहे. मी त्या सूचनांची प्रत अर्जाला जोडली. तरीही दाखला मिळायला सात आठवडे लागले. त्यात मला फारसा कुणाचा दोष दिसत नाही. तळमजल्यावरच्या एका ज्येष्ठ काकांना आगीची भीती वाटत होती आणि तळघरात पन्नास गाड्या उभ्या असताना ती भीती खोटी म्हणता येणार नाही. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही स्वतंत्र एमसीबीबरोबर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवला, पोलादी आवरणाची आर्मर्ड केबल वापरली आणि खांबावर एक अग्निशामक नळकांडे टांगले. खर्च थोडा वाढला, पण आज मला तो योग्य वाटतो.

मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेता येईल ती मर्यादा, वाढवून घेण्याचे काम त्यामानाने सोपे होते. महावितरणकडे भारवाढीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. परवानाधारक वीज कंत्राटदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो आणि वाढीव सुरक्षा ठेव भरावी लागते. इथे एक निर्णय विचार करून घ्यावा लागला. गाडीसाठी दोन प्रकारचे घरगुती चार्जर मिळतात. पंधरा अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावायचा ३.३ किलोवॉटचा आणि भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॉटचा. दुसऱ्याने गाडी निम्म्याहून कमी वेळात भरते. मात्र एसी, गीझर आणि तो चार्जर एकत्र धरले तर आम्हाला जास्त भार पेलणारी थ्री फेज जोडणी घ्यावी लागली असती आणि घरगुती थ्री फेजचा मासिक स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी लागणारी रक्कम, सिंगल फेजच्या तिपटीहून अधिक आहे. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला रात्री दोन-अडीच तासांत हव्या तेवढ्या युनिट मिळतात. रिकामी बॅटरी भरायला पंधरा तास लागतात हे खरे, पण ती रोज रिकामी होत नाही. आम्ही लहान चार्जर घेतला आणि त्यामुळे एकदाही अडले नाही.

अडले ते अर्थिंगपाशी. सगळी जोडणी झाल्यावर पहिल्या संध्याकाळी चार्जर लावला तर त्यावर लाल दिवा लागला आणि चार्जिंग सुरूच होईना. चार्जर बिघडला असेच आम्हाला वाटले. दुसऱ्या दिवशी वायरमनने मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजले, ते १७ व्होल्ट निघाले. ते जवळजवळ शून्य असायला हवे, फार तर दोन-तीन व्होल्ट. इमारतीचा जुना अर्थिंगचा खड्डा अनेक वर्षे कुणी पाहिलाच नव्हता आणि त्यातली पट्टी गंजून तुटली होती. पंखे, फ्रिज, दूरचित्रवाणी संच या कशालाच त्याचा फरक पडला नव्हता, म्हणून ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग नीट नसेल तर वीज घेतच नाही आणि तसेच असायला हवे. नवा खड्डा खणून, तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग केले, तेव्हा आकडा दोन व्होल्टवर आला. केबल, पेटी, सॉकेट, अर्थिंग आणि मजुरी मिळून ३१,००० रुपये लागले. घरी चार्जिंगची सोय करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आता पहिला प्रश्न अर्थिंगचा विचारते.

एमसीबी आणि आरसीसीबीची पेटी बसवताना बाबांनी एक आग्रह धरला. गाडीला जाणारी वीज मोजायला त्या पेटीतच एक छोटा मीटर हवा, असे त्यांचे म्हणणे होते. “गाडी पडद्यावर सांगते ना किती वीज खर्च झाली ते,” असे मी म्हणाले. त्यावर ते म्हणाले, “अगं, गाडी सांगते ते तिने खर्च केलेले. आपण विकत घेतलेले किती, ते कोण सांगणार?” अकराशे रुपयांचा तो मीटर बसवला आणि पहिल्या पूर्ण महिन्यानंतर दोन्ही आकडे समोरासमोर ठेवले. १,२०० किलोमीटरसाठी गाडीच्या पडद्यावरचा खर्च १६९ युनिट होता आणि पेटीतल्या मीटरवर १९० युनिट नोंदले गेले होते.

एकवीस युनिट कुठे गेली? घरातली वीज एसी, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या प्रवाहाच्या, स्वरूपात येते आणि बॅटरीला ती डीसी, म्हणजे एकाच दिशेची, लागते. हे रूपांतर गाडीतल्याच चार्जरमध्ये होते आणि त्यात काही वीज उष्णता होऊन जाते. शिवाय चार्जिंग चालू असताना गाडीचे नियंत्रक, पंप आणि पंखे जागे असतात. चार्जर जितका मंद, तितके ते अधिक तास जागे राहतात. म्हणून लहान चार्जरमध्ये वाया जाणारा वाटा थोडा मोठा असतो. गाडी पडद्यावर युनिटला ७.१ किलोमीटर दाखवत होती, पण आम्ही पैसे मोजलेल्या युनिटला ६.३ किलोमीटरच मिळत होते. त्यानंतरचे सगळे हिशेब आम्ही ६.३ धरूनच केले.

आता बिलाकडे येते, कारण माझा खरा गैरसमज तिथेच होता. जुलै २०२४ हा गाडीचा पहिला पूर्ण महिना होता. पावसाळ्यात एसी बंद असतो, म्हणून आमच्या घराचा वापर १८० युनिटच्या आसपास राहतो आणि बिल १,९०० रुपयांच्या घरात येते. जुलैचे बिल जवळपास ४,८०० रुपये आले. मी आधी ते चुकले असेल असे धरून मीटरवरचा आकडा पडताळला. आकडा बरोबर होता आणि बिलही अचूक होते. चूक माझ्या समजुतीत होती.

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. २०२४-२५ मध्ये पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० पर्यंत १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० पर्यंत १४ रुपये ५५ पैसे आणि ५०० च्या पुढे १६ रुपये ६४ पैसे असा दर होता. त्यावर प्रत्येक युनिटला वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. बिलाच्या मागच्या बाजूला हे सगळे छापलेले असते. मी ते कधी वाचले नव्हते, कारण गाडी नसताना ते वाचण्याची वेळच आली नव्हती.

त्या रात्री बाबा आणि मी जेवणाच्या टेबलावर बिल पसरून बसलो. बाबांनी वहीचे पान उभे दुमडले आणि डाव्या बाजूला घर, उजव्या बाजूला गाडी असे लिहिले. मी म्हणाले की एकूण बिलाला एकूण युनिटने भागू, म्हणजे गाडीच्या युनिटचा दर मिळेल. त्यांनी मान हलवली. घराची १८० युनिट गाडी असो वा नसो लागणारच होती, म्हणून आधी ती टप्प्यांत बसवायची आणि गाडीची युनिट त्यांच्या डोक्यावर ठेवायची, असे त्यांनी सांगितले. स्वस्त टप्पा घराने आधीच संपवलेला असतो. गाडीला त्यातले एकही युनिट मिळत नाही.

मग आकडे असे मांडले गेले. घराने पहिली शंभर युनिट आणि दुसऱ्या टप्प्यातली ऐंशी युनिट वापरली होती. गाडीची १२० युनिट दुसऱ्या टप्प्याच्या उरलेल्या जागेत बसली. वहन आकार धरून त्यांचा दर ११ रुपये ४६ पैसे आणि रक्कम १,३७५ रुपये. उरलेली ७० युनिट तिसऱ्या टप्प्यात गेली. तिथला दर १५ रुपये ७२ पैसे आणि रक्कम १,१०० रुपये. दोन्ही मिळून २,४७५ रुपये आणि वीज शुल्कासह २,८७२ रुपये. म्हणजे गाडीचे एक युनिट आम्हाला १५ रुपये ११ पैशांना पडले होते आणि एक किलोमीटर २ रुपये ३९ पैशांना. स्थिर आकार दोन्ही परिस्थितींत सारखाच लागतो, म्हणून तो सोडून दिला. माझ्या पद्धतीने सरासरी काढली असती तर युनिट साडेबारा रुपयांना पडल्यासारखे दिसले असते आणि गाडीच्या खर्चाचा एक भाग नकळत घराच्या नावावर गेला असता.

‘किलोमीटरला एक रुपया’ या वाक्याचा उगमही त्याच पानावर सापडला. पहिल्या टप्प्याचा दर, वहन आकार आणि शुल्क मिळून ६ रुपये ८२ पैसे होतात. त्याला ६.३ ने भागले की १ रुपया ८ पैसे येतात. ते वाक्य खोटे नाही, पण ज्या घरात दिवा-पंखा काहीच चालत नाही आणि महिन्याला सहाशे किलोमीटरच फिरणे होते, अशा घरापुरतेच ते खरे आहे.

पेट्रोलचे ८ रुपये २५ पैसे समोर असताना २ रुपये ३९ पैसे हा आकडा वाईट मुळीच नव्हता. महिन्याला सात हजार रुपये वाचत होते आणि मला तेवढ्यावर समाधान होते. बाबांनी मात्र फाइलमधून मे २०२४ चे बिल काढले. त्या महिन्यात दोन खोल्यांचे एसी चालले होते आणि घराचाच वापर २९० युनिट झाला होता. त्यावर गाडीची १९० युनिट ठेवली की दहा सोडून बाकी सगळी तिसऱ्या टप्प्यात जात होती. युनिट १८ रुपयांना आणि किलोमीटर २ रुपये ८५ पैशांना पडला असता. सुट्टीत पाहुणे आले, वापर पाचशेच्या पुढे गेला, तर त्यापुढचे प्रत्येक युनिट शुल्कासह २० रुपये ६६ पैशांना. हा दर महामार्गावरच्या जलद चार्जिंग केंद्राच्या तोडीस तोड होता. घरी चार्जिंग स्वस्त असते, हे आपण गृहीत धरतो. पण मे महिन्यात पुण्यातल्या एसी असलेल्या घरात ते आपोआप स्वस्त राहत नाही.

तोपर्यंत आमच्या सोसायटीत विजेच्या आणखी चार गाड्या आल्या होत्या आणि प्रत्येकाची केबल छताखालून वेगळी धावू लागली होती. महाराष्ट्रात वाहन चार्जिंगसाठी वीजदराचा वेगळा वर्ग आहे आणि त्यात घरगुती दरासारखे टप्पे नाहीत. पहिले युनिट आणि पाचशेवे युनिट एकाच दराचे असते. सोसायटीच्या नावाने त्या वर्गातली एक जोडणी घ्यायची, तिच्यावर पाच जागांसाठी पाच सबमीटर लावायचे आणि महिन्याचे बिल सबमीटरच्या प्रमाणात वाटून घ्यायचे, असा प्रस्ताव आम्ही पाच जणांनी मिळून वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडला. या वेळी सभेला समजावणे सोपे गेले. छताखालच्या वाढत्या केबलींपेक्षा एकच नीट जोडणी बरी, हा मुद्दा आगीची काळजी करणाऱ्या काकांनीच उचलून धरला. प्रत्येकाच्या वाट्याला १४,००० रुपये आले आणि जानेवारी २०२५ पासून माझी गाडी त्या मीटरवर गेली.

या वर्गात तेव्हा वेळेनुसार दर बदलत होता. रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपयाची सूट आणि संध्याकाळी सहा ते दहा १ रुपया १० पैशांचा अधिभार. मी कार्यालयातून सात वाजता येते आणि गाडी लावली की चार्जर जोडते. तसेच चालू ठेवले असते तर रोज नेमक्या महागड्या वेळेत चार्जिंग झाले असते. गाडीत वेळ ठरवून देण्याची सोय आहे. ती वापरल्यावर चार्जर सातला जोडला तरी वीज रात्री दहानंतरच घेतली जाऊ लागली. पहिल्या महिन्यात एका शेजाऱ्याने हे केले नव्हते. आम्ही दोघांनी जवळपास सारखीच युनिट वापरूनही वाटणीचा हिशेब सबमीटरच्या एकूण आकड्यावर असल्याने त्याचा अधिभार आम्हा पाचही जणांवर पडला. पुढच्या बैठकीत सगळ्यांनी दहानंतरचीच वेळ लावायची असे ठरले आणि ते पाळले गेले.

स्थिर आकार, वहन आकार, शुल्क असे सगळे धरून या मीटरवरचे युनिट पहिल्या सहा महिन्यांत मला नऊ ते दहा रुपयांच्या दरम्यान पडले. साडेनऊ धरले तर महिन्याला १,८०० रुपये आणि किलोमीटरला दीड रुपया. मुख्य म्हणजे मे महिन्यात घराचा एसी कितीही चालला तरी गाडीच्या युनिटला त्याची झळ लागत नाही. घराचे बिल पुन्हा घराचे राहिले आणि बाबांच्या वहीतले दोन्ही रकाने वेगळे झाले.

लांबच्या प्रवासाचा हिशेब निराळा आहे आणि तो मी मुद्दाम वेगळा ठेवला. वर्षभरात आम्ही कोल्हापूरला आणि कोकणात मिळून सुमारे २,१०० किलोमीटर फिरलो. विजेची गाडी शहरात जितकी काटकसरी, तितकी महामार्गावर नाही. शहरात ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परत येते. महामार्गावर ताशी नव्वद-शंभरच्या वेगाने हवेचा विरोध बराच वाढतो आणि परत मिळणारे फारसे काही नसते. खंबाटकीच्या चढावर बॅटरीचे टक्के डोळ्यांदेखत उतरतात आणि घाट ओलांडल्यावर थोडे परत येतात, हे पाहणे मला अजूनही आवडते. पण एकूण सरासरी युनिटला ५.८ किलोमीटरवर आली. वाटेतल्या जलद चार्जिंग केंद्रांवर १८ टक्के जीएसटी धरून युनिट सुमारे २१ रुपयांना पडले. म्हणजे किलोमीटरला ३ रुपये ६० पैसे. पेट्रोल गाडीचे नेमके उलटे असते. महामार्गावर तिने लिटरला १५.५ किलोमीटर दिल्याची नोंद वहीत आहे, म्हणजे ६ रुपये ७० पैसे. शहरात दोन गाड्यांच्या खर्चात पाच पटींहून अधिक अंतर होते, ते इथे दुपटीच्याही आत येते. ज्यांचे फिरणे बहुतांशी महामार्गावरचे आणि बाहेरच्या चार्जिंगवरचे असेल, त्यांनी माझ्या शहरातल्या आकड्यांवर भरवसा ठेवू नये.

गाडी महाग पडली, तो हिशेबही सांगायला हवा. विजेच्या वाहनांवर जीएसटी ५ टक्के आहे. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला जो १२ टक्के मोटार वाहन कर लागतो, तोही या गाडीला लागला नाही. एवढे असूनही तशाच सोयींच्या पेट्रोल गाडीपेक्षा आम्हाला ३ लाख ४० हजार रुपये जास्त मोजावे लागले. चार्जिंगच्या सोयीचे ४५,००० धरले की ३ लाख ८५ हजार होतात. पहिल्या सहा महिन्यांत घरच्या मीटरवर ४२,००० वाचले, पुढच्या सहा महिन्यांत नव्या मीटरवर साडेअठ्ठेचाळीस हजार आणि प्रवासात साडेसहा हजार. वर्षाचे ९७,००० रुपये. या गतीने वाढीव किंमत चार वर्षांत भरून निघेल आणि जादा कर्जावरचे व्याज धरले तर पाचवे वर्ष लागेल. इंजिन ऑइल बदलणे वगैरे नसल्याने देखभालीतही काही वाचते, पण एका वर्षात ती रक्कम नीट कळत नाही, म्हणून मी ती धरलेली नाही. महिन्याला चार-पाचशे किलोमीटरच फिरणाऱ्या माझ्या मैत्रिणीला याच आकड्यांवरून मी पैशांसाठी म्हणून गाडी बदलू नकोस असे सांगितले. तिची वाढीव किंमत दहा वर्षांतही निघाली नसती.

सांगलीला माझ्या मावसभावाचा बंगला आहे आणि त्याने छतावर तीन किलोवॉटचे सौर पॅनेल बसवले आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. त्याच्याकडे उन्हाच्या दिवसांत रोज बारा युनिट तयार होतात आणि नेट मीटरिंगमुळे दिवसाची वीज रात्रीच्या वापरातून वजा होते. त्याची गाडी जवळपास फुकट चालते असे तो म्हणतो, पण बाबांनी त्याला पॅनेलची किंमत वर्षांवर विभागून वहीत लिहायला लावली. आमच्यासारख्या सदनिकाधारकांना तो मार्ग नाही. छत सगळ्यांचे आहे आणि त्यावर सध्या पाण्याच्या टाक्या व पाणी तापवण्याचे सौरसंच आहेत.

जुलै २०२५ पासून, वेळेनुसार वापर नोंदवणारा स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत आली. आमच्या सोसायटीत नव्याने गाडी घेतलेले एक दांपत्य घरच्याच मीटरवर चार्जिंग करते, कारण पाच सबमीटरांची जागा भरली आहे. दोघेही घरून काम करतात आणि त्यांची गाडी दिवसा उभीच असते. मागच्या रविवारी ते आपली तीन बिले घेऊन आमच्याकडे आले होते. बाबांनी वही उघडली, पान उभे दुमडले आणि डावीकडे आधी त्यांच्या घराची युनिट लिहून घेतली.